हायड्रा बंदरातील कॅप्टनना खुले आभारपत्र

आदरणीय कॅप्टन,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हाला खासगीत न लिहिता सर्वांसमोर लिहिण्याचे पहिले कारण असे की, एर्मिओनीच्या धक्क्यावर आम्ही आभाराचा विषय काढला की तुम्ही लगेच वाऱ्याचा विषय काढत होता. दुसरे कारण असे की, ग्रीसमध्ये शिडाची होडी भाड्याने घेऊन बेटांमधून फिरू पाहणारी मराठी जोडपी आता अधूनमधून भेटू लागली आहेत आणि तुमची मदत नेमकी कशी होती हे त्यांनाही कळावे, असे आम्हा दोघांना वाटते. पत्राची ग्रीक प्रत तुमच्याकडे वेगळी पाठवली आहे, तेव्हा हे पान कोणाकडून वाचून घेण्याचे कष्ट घेऊ नयेत.

अथेन्सजवळच्या आलिमोस मरीनातून निघून एजिना, पोरोस, हायड्रा आणि एर्मिओनी असा आमचा मार्ग होता. एका बंदरातून न्याहारी करून निघावे आणि दुपारी पुढचे गाठावे, इतकी ही बंदरे शेजारी शेजारी आहेत. एजिनात पिस्ते घेतले, पोरोस आणि समोरच्या किनाऱ्यावरचे गालाटास यांच्यामधल्या चिंचोळ्या, काही ठिकाणी उथळ असलेल्या पाण्यातून खोलीमापकावर नजर ठेवून सावकाश गेलो. या वाटेवर समुद्राने फारसा त्रास दिला नाही. ज्यांनी असा प्रवास केला आहे ते सांगतील की, खरी धाकधूक शिडे उतरवल्यानंतर, बंदरात शिरताना सुरू होते.

आम्ही दोघे होडी चालवायला शिकलो ते मुंबईच्या बंदरात. तिथे उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक चार-पाच मीटरांपर्यंत जातो, त्यामुळे शिडाच्या होड्या धक्क्यापासून लांब, पाण्यावर तरंगणाऱ्या बोयांना बांधलेल्या असतात आणि माणसे लहान नावेतून ये-जा करतात. भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी पाणी जेमतेम फूटभर वरखाली होते, म्हणून तिथे होडी थेट दगडी धक्क्याला पिछाडी लावून उभी करतात. धक्क्यापासून चाळीस-पन्नास मीटरांवर नांगर टाकायचा, साखळी सोडत सोडत उलटे यायचे, मागचे दोन दोर धक्क्यावरच्या कड्यांना बांधायचे आणि फळी टाकून उतरायचे. सांगायला हे एका वाक्यात होते. पण बाजूने वारा असेल, दोन्हीकडे दुसऱ्यांच्या होड्या असतील आणि धक्क्यावरच्या खानावळीतले सगळे लोक काटे-चमचे खाली ठेवून पाहत असतील, तेव्हा ते वाक्य फार लांबते.

त्यातून आमच्या होडीवर कामाची वाटणी लोकांच्या अपेक्षेपेक्षा उलटी आहे. होडी चालवण्याचा दाखला माझ्या नावावर आहे, सुकाणू माझ्या हाती असते, आणि माझे यजमान पुढे नांगर सांभाळतात. प्रत्येक बंदरात धक्क्यावरून कोणीतरी भला माणूस सूचना देऊ लागे, आणि त्या सूचना माझ्या डोक्यावरून थेट यजमानांकडे जात. दोर पकडायला आलेला माणूस दोर पकडून थांबत नसे. तो ओढू लागे, आणि मी आखलेला कोन बिघडून जाई. हेतू चांगला असे, यात शंका नाही. पण अशा मदतीनंतर होडी लागलेली असे आणि आम्ही दोघे मात्र आपल्याच होडीवर पाहुण्यासारखे उभे असू.

हायड्राचे बंदर घोड्याच्या नालासारखे वळलेले, देखणे आणि होड्यांच्या मानाने फारच लहान. बेटावर खासगी मोटारी नाहीत, धक्क्यावर खेचरे सामानाची वाट पाहत उभी असतात, आणि १८२१ मध्ये सुरू झालेल्या स्वातंत्र्ययुद्धात ज्या जहाजमालकांनी आपली व्यापारी जहाजे लढाईला दिली त्यांची दगडी घरे वरून बंदराकडे पाहत असतात. बंदराच्या समोरासमोरच्या बाजूंनी होड्या लागत असल्यामुळे प्रत्येकाची साखळी समोरच्याच्या साखळीवर पडण्याचा संभव असतो, हे तुम्हाला मी काय सांगणार! आमच्यानंतर आलेल्या एका मोठ्या कॅटमरानची, म्हणजे जोड-सांगाड्याच्या होडीची, साखळी आमच्या साखळीवर तिरकी पडली होती. सकाळी आम्ही निघू लागलो तेव्हा साखळी ओढणारा विजेवरचा विंडलास कण्हू लागला, होडीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, खाली वाकली, आणि पाण्यातून आमच्या नांगराबरोबर त्यांची चिखलाने माखलेली साखळीही वर आली. कॅटमरानवरची मंडळी आरडाओरडा करू लागली. धक्क्यावरून दोघे-तिघे यजमानांना हातवारे करून काहीबाही सांगू लागले.

तुम्ही तेवढ्यात आपली लहान नाव वल्हवत आलात, आमच्या होडीपासून हातभर अंतरावर थांबलात आणि माझ्याकडे पाहून विचारलेत, "कॅप्टन, मी येऊ का?"

मी हो म्हटल्यावरही तुम्ही आमच्या होडीवर पाय ठेवला नाहीत. इंजिन चालू असू द्या, नाहीतर विंडलास बॅटरी संपवील, एवढे मला सांगितलेत. यजमानांकडून एक दोर मागून घेतलात, तो त्या परक्या साखळीखालून काढून त्याचे दुसरे टोक त्यांच्याच हाती परत दिलेत आणि बोटे साखळीपासून लांब ठेवण्याची खूण केलीत. दोराची दोन्ही टोके क्लीटला, म्हणजे होडीवरच्या दोर बांधायच्या खुंटीला, पक्की झाल्यावर तुम्ही नावेतून नुसते मान हलवून मला इशारा दिलात. मी यजमानांना हात केला, त्यांनी आमची साखळी मीटरभर सोडली, आणि परकी साखळी दोरावर लोंबत राहून आमचा नांगर अलगद तिच्याखाली उतरला. मी इंजिनाने होडी किंचित मागे घेतली, नांगर मोकळा वर आला, आणि मग दोराचे एक टोक सोडताच ती साखळी पुन्हा तळाशी गेली. एव्हाना कॅटमरानवरचा आवाजही थांबला होता.

कॅप्टन, तुमचे हात आमच्या हातांपेक्षा किती सराईत आहेत हे त्या दोराची पहिली गाठ पाहूनच कळले होते. तुम्ही वर आला असता तर हे सारे निम्म्या वेळात उरकले असते. पण मग पुढच्या बंदरात तसाच प्रसंग आला असता तर आम्ही पुन्हा कोणाची तरी वाट पाहिली असती. तुम्ही काम आमच्याकडेच राहू दिलेत, आणि ज्याची त्याची जागा ज्याला त्याला ठेवलीत. यजमानांना तर हे माझ्यापेक्षाही अधिक जाणवले. "आज पहिल्यांदा कोणी मला तुझ्या कामाचे आदेश दिले नाहीत," असे ते बंदराबाहेर पडल्या पडल्या म्हणाले.

एर्मिओनीत तुम्ही पुन्हा भेटाल असे वाटले नव्हते. तिथे गावाच्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरा धक्का आहे, आणि त्या रात्री उत्तरेचा वारा असणार म्हणून दक्षिणेकडे होडी लावा, हे तुम्ही आम्हाला सांगितलेत. उत्तरेच्या धक्क्यावरच्या होड्या रात्रभर कशा हलत होत्या ते आम्ही सकाळी फिरायला गेल्यावर ऐकले. कॉफीच्या वेळी बेकरीच्या कागदी पिशवीवर तुम्ही हायड्राचे बंदर काढलेत, प्रत्येक होडीसाठी एक रेघ आणि रेघेच्या टोकाला नांगर. आत शिरण्यापूर्वी एक संथ फेरी मारावी, लागलेल्या होड्यांच्या साखळ्या कोणत्या कोनात पाण्यात शिरतात ते पाहावे, ज्यांच्याशेजारी लागायचे त्यांना नांगर कुठे टाकला आहे हे सरळ विचारावे, आणि खोलीच्या निदान चौपट साखळी सोडायला जागा नसेल तर मुकाट्याने दुसरे बंदर पाहावे, हे सगळे त्या पिशवीवर मावले. वर तेलाचा एक डागही आहे. तरुणपणी मालवाहू जहाजावरून मुंबईला आला असताना गोदीत जागा मिळेपर्यंत बाहेर नांगरून पडलेले दिवस तुम्ही आठवून सांगितलेत, आणि आमच्या डब्यातली भाजणीची चकली पहिल्या घासाला जराशा संशयाने, पण नंतर नि:संकोच खाल्लीत.

मोबदल्याचा विषय तुम्ही काढू दिला नाहीत, म्हणून इथेही काढत नाही. तुम्ही मागितलेली भाजणीची कृती ग्रीक प्रतीसोबत जोडली आहे. तांदूळ आणि हरभऱ्याची डाळ अथेन्समध्ये सहज मिळेल, धणे-जिरेही मिळतील, उडदाच्या डाळीसाठी मात्र भारतीय दुकान शोधावे लागेल. पुढच्या मे महिन्यात नाफ्प्लिओच्या बंदरापर्यंत जाण्याचा विचार आहे. त्या वाटेवर एर्मिओनी लागतेच, तेव्हा दक्षिणेच्या धक्क्यावर तुमची होडी दिसली तर शेजारी लागण्याची परवानगी असावी. तुमचा नांगर कुठे आहे ते आधी विचारूच.

आपली कृतज्ञ,
सुकाणूवरची आणि नांगरावरचे