गाभण की बाळंतीण, आधी नीट बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांची मोकाट मांजरांबद्दलची तक्रार वाचली. त्यांच्या परसात एक गाभण मांजर येतं, ते व्यायच्या आत कुणीतरी उचलून गावाबाहेर सोडावं, अशी त्यांची मागणी आहे. मला त्यांचा राग आला नाही. पारसाल मी स्वतः हेच केलं, आणि तेही कुणाची वाट न बघता. म्हणून हे पत्र.

मी आरोग्यसेविका होते. चौतीस वर्षांच्या नोकरीत उपकेंद्रात, वाड्यावस्त्यांवर, एकदा तर एसटीच्या मागच्या बाकावर बाळंतपण केलंय. पोटावर हात ठेवला की कितवा महिना आणि डोकं कुठल्या बाजूला, हे सांगायची बोटांना सवय. निवृत्तीनंतर वाईत सासरच्या जुन्या घरी राहते. मागं परस आहे, त्यात कढीपत्ता, धुण्याचा दगड आणि एका कडेला लाकडांची खोली. गॅस येऊन कैक वर्षं झाली, तरी ती खोली 'लाकडांची'च.

पारसाल होळीच्या सुमारास एक भुरी मांजरी रोज दुपारी यायला लागली. पोट खाली आलेलं, आचळं गुलाबी. शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "गाभण आहे हो, आठवड्यात व्यायची." मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून, चष्मा न लावता, "हो, दिसतंयच" म्हटलं. झालं निदान! सुनेला दिवस गेलेले, घरात मांजराची वीण नको, असं सगळ्यांचं पडलं. दिरांनी दूध-पोळीची वाटी दाखवून तिला गोणपाटात घातलं आणि स्कूटरवरून कृष्णेपलीकडे नेऊन सोडलं. तिथं शेतं आहेत, उंदीर मिळतील, अशी आम्ही आपली समजूत घालून घेतली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवा लावताना लाकडांच्या खोलीतून बारीक आवाज यायला लागला. आधी वाटलं, चिमणीचं पिल्लू पडलं असेल. शिडी लावून माळ्यावर बॅटरी मारली, तर जुन्या पाळण्याच्या दोऱ्यांमागे तीन पिल्लं होती, डोळे मिटलेली. एक आधीच गार पडलेलं.

ती गाभण नव्हती. बाळंतीण होती.

दीर त्याच रात्री बॅटरी घेऊन नदीपलीकडे गेले, पहाटे पुन्हा गेले. ती काही सापडली नाही.

उरलेल्या दोन पिल्लांचं मी काय केलं तेही लिहिते, कारण ते सगळं चुकीचं होतं. गायीचं दूध कोमट करून, ड्रॉपरनं, पिल्लाला मांडीवर उताणं धरून पाजलं. माणसाच्या लेकराला जसं घेतो तसं. एकाच्या नाकातून दूध परत आलं, तेव्हाही माझ्या लक्षात आलं नाही. ते दुसऱ्या सकाळी गेलं, दुसरं त्याच्यानंतर दोन दिवसांनी, ढाळ लागून. साताऱ्याच्या ज्या डॉक्टरांकडे मी ते शेवटचं पिल्लू घेऊन गेले होते, त्यांनी मला न रागावता सांगितलं, "बाई, आधी ऊब, मग दूध." गार पडलेल्या पिल्लाला दूध पचतच नाही. कापडात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवून ते पोटाशी गरम लागलं की मग पाजायचं, आणि तेही पालथं, आईच्या कुशीत असतं तसं. उताणं पाजलं की दूध छातीत जातं. गायीचं दूध नाही, मांजराच्या पिल्लांची दुधाची पावडर मिळते ती, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. पाजून झाल्यावर ओल्या कापसानं खालून पुसायचं. आई चाटते तेव्हाच त्यांना शी-शू होते, आपोआप होत नाही. नवजात अर्भक गार पडू देऊ नका, हे मी शेकडो बायकांना सांगितलेलं. माळ्यावरच्या पिल्लांना मात्र ते लागू होईल हे मला सुचलं नाही.

म्हणून त्या गृहस्थांना आणि इतरांना एवढंच विचारते, की ती गाभण आहे हे ठरवलं कुणी?

गाभण मांजरीचं पोट दोन्ही बाजूंना फुगतं, पखालीसारखं भरलेलं दिसतं. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आचळं गुलाबी होतात आणि उठून दिसतात. बाळंतिणीचं पोट मात्र सैल, चालताना हलणारं. आचळं ओढलेली, भोवतीची लव विरळ किंवा चिकटलेली, कारण पिल्लं तिथं तोंड आणि पंजे मारत असतात. पोट मोठं आणि पाठीचा कणा वर आलेला दिसला तर नुसते जंतही असू शकतात. पण याहून साधी खूण म्हणजे तिचं वागणं. बाळंतीण घाईघाईनं खाते, तोंडही पुसत नाही, आणि रोज एकाच दिशेला निघून जाते. खाणं घालून आत येऊ नका, थांबून बघा ती कुठं जाते. पोट दाबून मात्र बघू नका. मी माझा हात आवरला, तुम्हीही आवरा.

यंदा फेब्रुवारीत दुसरी आली, पांढरी-काळी-तांबडी. तीन रंगांचं मांजर बहुतेक मादीच असतं, हे मला त्याच डॉक्टरांकडून कळलं. या वेळी चष्मा लावला. आठ दिवस धुण्याच्या दगडावर बसून ती कुठं जाते ते पाहिलं. ती कुठंच जात नव्हती, खाऊन तिथंच उन्हात लोळायची. पोट टणटणीत, आचळं गुलाबी पण कोरडी. म्हणजे खरंच गाभण. आपले नऊ महिने तसे तिचे नऊ आठवडे, ६३ ते ६५ दिवस. मी कॅलेंडरवर पेन्सिलीनं अंदाज लिहिला. जुनी खोड.

खाण्याबद्दल. दूध-पोळी हे मांजराचं अन्न नाही. मोठ्या मांजराला दूध बहुधा पचतही नाही, आणि मांस-मासळीशिवाय ते नीट जगत नाही. आमच्या घरात मासळी शिजत नाही, तेव्हा मी पिल्लांसाठीचं कोरडं खाद्य आणते. गाभण आणि अंगावर पाजणाऱ्या मांजरीला तेच चांगलं. शेजारून उकडलेल्या कोंबडीचे तुकडे येतात, पण कांदा, लसूण आणि मीठ घालायच्या आत बाजूला काढलेले. पाण्याचं भांडं वेगळं. आणि आपल्या औषधाच्या पेटीतलं तिला काही देऊ नका. तापावरची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला विष आहे.

लाकडांच्या खोलीत मी पुठ्ठ्याचं खोकं आडवं ठेवून त्यात आईंची मऊ झालेली नऊवारी अंथरली. तिनं एकदा वास घेतला आणि मागच्या गोणपाटावर व्यायली. रात्री साडेअकरा ते दोनच्या मध्ये चार पिल्लं झाली. मी दारात स्टुलावर बसून होते, हात मांडीखाली दाबून. अर्धा तास जोरात कळा देऊनही पिल्लू बाहेर आलं नाही तर डॉक्टरांना फोन करायचा, एवढंच ठरवलं होतं. वेळ आली नाही. तिनं प्रत्येकाची पिशवी स्वतः फाडली, नाळ तोडली, चाटून कोरडं केलं. इतक्या बाळंतपणांत काही न करता बसून राहिलेली मी पहिल्यांदाच.

सकाळी सात वाजता आळीतल्या एक बाई चांदीची डबी घेऊन दारात! मांजराची वार, म्हणजे पिल्लामागून नाळेबरोबर पडते ती, हवी होती. हळद-कुंकू लावून तिजोरीत ठेवली की पैसा टिकतो म्हणे. ही समजूत आपल्याकडे अजून किती घट्ट आहे ते मला त्या दिवशी कळलं, कारण दुपारपर्यंत आणखी दोघं येऊन गेले. वार मांजरी स्वतःच खाते, तो तिचा नियम आहे. ती ओढून घ्यायला गेलात तर ती बिथरते, पिल्लं सोडते किंवा तोंडात धरून भलतीकडे हलवते. 'मांजर पिल्लांना सात घरं फिरवतं' असं आपण म्हणतो, त्यातली निम्मी घरं आपल्यामुळेच फिरावी लागत असतील. मी त्या बाईंना म्हटलं, चौतीस वर्षं माझ्या हातून वार गेली, माझी तिजोरी बघून जा.

सुनेबद्दल लोकांनी फार घाबरवलं होतं. दिवस गेलेल्या बाईला मांजराच्या विष्ठेतून एक संसर्ग होऊ शकतो, हे खरं आहे. पण त्यासाठी तिनं मांजराची घाण साफ करू नये, परसातल्या मातीत हातमोजे घालून काम करावं, हात धुवावेत आणि भाज्या धुऊन खाव्यात. मांजराकडे बघितल्यानं काही होत नाही. नात छान आहे. आणि मांजराचा दात किंवा नख लागलं, तर कुत्रा चावल्यासारखंच धरा. साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. हळद, चुना काही लावू नका.

आता राहिली वीण. त्या गृहस्थांचं दुखणं खरं आहे, हे मान्य करते. नुसतं खायला घालणारे आणि पुढचं काही न करणारे लोक मलाही आवडत नाहीत. मांजरी अंगावर पाजत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. आमच्या भिंतीवर एक तांबडा बोका रोज हजेरी लावून जातो, तो काही पिल्लांची चौकशी करायला येत नाही. पिल्लं दोन महिन्यांची होऊन स्वतः खायला लागली, तेव्हा भाजीच्या प्लास्टिकच्या क्रेटवर दुसरी क्रेट उलटी बांधून मी तिला साताऱ्याला नेलं आणि ऑपरेशन करून आणलं. साडेतीन हजार रुपये लागले. डाव्या कानाचं टोक किंचित कापलं, म्हणजे पुन्हा कुणी तिला पकडून पोट उघडायला नको. त्याआधी गावात आणि आसपास चौकशी केली होती. एका ठिकाणी उत्तर मिळालं, "बाई, आम्ही गायी-म्हशींचे." त्यांचंही खरंच. पण साडेतीन हजार पेन्शनीतून एकदा निघतात, दरवेळी नाही. २०२३ साली केंद्र सरकारनं प्राणी जन्मनियंत्रणाचे नवे नियम केले, आणि जुन्या नियमांच्या नावातला 'कुत्रे' हा शब्द त्यात गळला. आमच्या जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यक महाविद्यालय आहे. त्यांच्या आणि नगरपालिकांच्या सहकार्यानं तालुक्याच्या गावी वर्षातून दोनदा मांजरांच्या ऑपरेशनचं शिबिर भरवता येईल. आम्ही घरोघरच्या बाया मांजरं पकडून आणून देऊ. डोळ्यांच्या शिबिराला नव्वद म्हातारी माणसं जमवलेली बाई आहे मी, चाळीस मांजरं जमवीन.

राहता राहिलं गावाबाहेर सोडणं. उपासमार होईल अशा जागी जनावर टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड दहा ते पन्नास रुपये. आम्हाला कुणी तो केला नाही.

चारपैकी दोन पिल्लं मेणवलीला एका घरी गेली, एक सुनेच्या माहेरी. चौथं अजून इथं आहे, धीट आहे, हवं असल्यास येऊन बघावं. आणि परवापासून एक काळी मांजरी यायला लागली आहे. पोट खाली आलंय. दुपारी तिला खाणं घातलं, तर चार घास गिळून कढीपत्त्यामागच्या भिंतीवरून पश्चिमेला गेली. काल पण तिकडंच गेली. उद्या चष्मा लावून मागं जाणार आहे.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका
वाई, जि. सातारा