आम्हाला विषय शिकवा

खानापूर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. आम्हा शिक्षकांच्या प्रशिक्षणाचं नाव काढलं की तू एवढा का चिडतोस, असं विचारलंयस. अरे, राग प्रशिक्षणाचा नाही, त्यात विषयच नसतो याचा आहे. अध्ययन निष्पत्ती, मूल्यमापनाचे तक्ते, ॲपवर हजेरी, गटचर्चेचे फोटो, दुपारचं जेवण. संध्याकाळी एसटीत बसताना उद्या सहावीला अपूर्णांक कसे शिकवायचे हा प्रश्न जसाच्या तसा. त्यात इकडं कर्नाटकात सगळं कन्नडमधून. कन्नड आम्हाला येतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण आम्ही वर्गात उभे राहतो ते मराठीतून शिकवायला, आणि तसा एखादा पाठ शिकवून दाखवणारं माणूस तिथं मला अजून भेटलेलं नाही.

म्हणून आसपासच्या शाळांच्या, म्हणजे आमच्या क्लस्टरच्या, शिक्षकांची जी समालोचन सभा भरते, तिथं गेल्या वेळी सीआरपींकडं, म्हणजे क्लस्टर सांभाळणाऱ्या साधन व्यक्तींकडं, हट्टानं तासभर मागून घेतला. फळ्यावर एकच गणित लिहिलं : पावणेदोन भागिले अर्धा. उत्तर सगळ्यांनी झटक्यात दिलं, साडेतीन. दुसरा अपूर्णांक उलटा करायचा आणि गुणायचं. मग म्हटलं, आता याला व्यवहारातलं उदाहरण घाला. एक सर म्हणाले, पावणेदोन किलो गूळ दोघांत सारखा वाटला. पण हा तर दोननं भागाकार झाला, प्रत्येकाला किलोभरही गूळ येत नाही, मग साडेतीन कुठून आले? खोलीत सगळे गप्प. शेवटी तिसरीला शिकवणाऱ्या एक बाई म्हणाल्या, पावणेदोन लिटर दूध आहे, अर्ध्या लिटरच्या बाटल्या किती भरतील? तीन भरल्या, पाव लिटर उरलं. आणि इथं खरी गंमत सुरू झाली. उरलंय पाव, मग उत्तरात अर्धा कसा आला? त्यावर जो वाद रंगला तो तू ऐकायला हवा होतास! पाव लिटर म्हणजे अर्धी बाटली, आपण मोजतोय बाटल्या, लिटर नव्हे, हे एकेकाच्या तोंडून निघालं तेव्हा पंचवीस-पंचवीस वर्षं नोकरी झालेली माणसं वहीत चित्रं काढत होती. कुणी घड्याळाकडं बघितलं नाही.

हे गणित मी मनानं काढलेलं नाही. लिपिंग मा नावाच्या संशोधक बाईंच्या अभ्यासात हेच गणित अमेरिकेतल्या २३ आणि चीनमधल्या ७२ प्राथमिक शिक्षकांपुढं ठेवलं होतं. त्यांचं काम १९९९ साली प्रसिद्ध झालं. उदाहरण बरोबर घालता आलं अमेरिकेतल्या एकाच शिक्षकाला, चीनमधल्या दहातल्या नऊ जणांना. आता पुढचं वाच. चीनचे ते शिक्षक पदवीधर नव्हते. नववीपर्यंत शाळा, त्यावर दोन-तीन वर्षांची अध्यापक शाळा, बस. म्हणजे कागदावर आपल्या डी.एड.वाल्यांपेक्षा कमीच. मग त्यांच्यात एवढी समज आली कुठून? नोकरीत राहून. शाळेतले गणिताचे शिक्षक नेमानं एकत्र बसतात, पाठ्यपुस्तक पुढ्यात घेऊन हा धडा इथंच का, हे उदाहरण आधी का, मूल कुठं अडखळेल, यावर बोलतात. कमी शिकलेला शिक्षक म्हणून आपल्या लोकांना खाली बघायला लावणाऱ्यांना हे मला ओरडून सांगावंसं वाटतं.

आणि आपल्याच देशात हे झालेलं आहे रे. मध्य प्रदेशात होशंगाबादला १९७२ साली १६ शाळांत विज्ञानाचा जो कार्यक्रम सुरू झाला, त्यात शिक्षक प्रशिक्षणात स्वतः प्रयोग करायचे आणि पुढं दर महिन्याला भेटून वर्गात काय अडलं ते मांडायचे. तीस वर्षं चाललं आणि २००२ मध्ये सरकारनं ते बंद केलं. याचं मला आजही वाईट वाटतं.

विज्ञानाचीही आपल्याकडं तीच गत. झाडं दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि श्वसन फक्त रात्री, असं कितीतरी वर्गांत अजून सांगितलं जातं. श्वसन चोवीस तास चालू असतं. हे शिक्षकाला माहीत नसेल तर शैक्षणिक साहित्याची पेटी कितीही भारी द्या, मूल चुकीचंच शिकणार. बारावी कला शाखेतून आलेल्या माणसाला सातवीचं विज्ञान शिकवायला लावतो आपण. दोष त्याचा नाही. त्याला ते विज्ञान नीट बसवून कुणी शिकवलं?

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला ५० तास प्रशिक्षणाची अपेक्षा आहे. त्यातले निम्मे तरी निव्वळ विषयाला द्यावेत, आमच्या भागात मराठीतून द्यावेत, आणि सलग पाच दिवस कोंडून न बसवता दर महिन्याला थोडे थोडे द्यावेत, एवढंच माझं मागणं. अडचण आहे ती दोन शिक्षकी शाळांची. एक गुरुजी प्रशिक्षणाला गेला की दुसऱ्याच्या गळ्यात सगळे वर्ग. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर बसलो तर हे जमेल असं मला वाटतं, आणि आमच्या क्लस्टरमधले चार-पाच जण तयारही आहेत. पावसाळ्यात कणकुंबीकडच्यांचं मात्र कठीण आहे, एकदा धो धो लागला की गाडीचा भरवसा नाही.

आता तुझ्याकडं काम. तिकडं महाराष्ट्रात तुम्हा चंदगडवाल्यांच्या शाळांच्या केंद्राची शिक्षण परिषद दर महिन्याला होते ना, त्यात विषयाला किती वेळ मिळतो ते खरं खरं कळव. बालभारतीची पाचवी ते सातवीची गणिताची पुस्तकं, जुनी असली तरी चालतील, बाजाराला बेळगावात येशील तेव्हा घेऊन ये. आमच्या पुस्तकांशेजारी ठेवून गुणोत्तराचा धडा दोन्हीकडं कसा उलगडलाय ते आम्हाला बघायचंय. आणि जमलं तर एका शनिवारी तूच ये. गुणोत्तर तू घे, विज्ञानाला मी कुणीतरी बघतो. मुक्काम आमच्याकडंच कर, वहिनींनाही घेऊन ये.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. आईंच्या गुडघ्याचं काय झालं तेही लिही.

तुझाच,
खानापूरचा मास्तर