नानजिंगच्या डॉक्टरबाईंना, सोलापूरहून

सप्रेम नमस्कार डॉक्टरबाई,

महिनाभराच्या सुट्टीवर माहेरी आलेय. एप्रिल चालू आहे, पारा 41 वर. मघाशी आईने सहज माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "अगं, ताप आहे का तुला? हात गरम लागतोय." गेली तीन वर्षं तिने माझे हात गारच पाहिलेत, भर उन्हाळ्यातसुद्धा. ते ऐकलं आणि लगेच लिहायला बसले. तुम्हाला मराठी वाचता येत नाही, आणि माझ्या मोडक्यातोडक्या चिनीत तुमचे आभार मानून झालेत. पण ते मला पुरले नाहीत. शिवाय तुम्ही काय केलंत ते माझ्या माणसांनाही कळायला हवं.

सुरुवातीला मी सगळं थंडीवर ढकललं होतं. चीनमध्ये ह्वाय नदीच्या उत्तरेला हिवाळ्यात घरोघरी सरकारी ऊब येते. नानजिंग नदीच्या दक्षिणेला, त्यामुळे आमच्या वाट्याला ओल्या भिंती आणि घरातही अंगावर जाड कोट. पण नवरा त्याच घरात राहून ठणठणीत. माझे पाय मात्र दोन रजयांखाली तासभर बर्फासारखे. दुपारी चार वाजले की आडवं व्हावंसं वाटायचं, तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत छातीत धडधडायचं. आदल्या सुट्टीत इथे एका दवाखान्यात दाखवलं होतं. दोन मिनिटांत 'टेन्शन घेऊ नका' आणि बी-कॉम्प्लेक्स मिळालं. मी खरंच टेन्शन न घ्यायचा प्रयत्न केला, आणि जमत नाही म्हणून स्वतःलाच दोष देत राहिले.

तुमच्याकडे मला शेजारच्या आयी घेऊन आल्या. (चिनीत आयी म्हणजे मावशी. मला मात्र दर वेळी आईच ऐकू येतं.) चिनी वैद्यकाच्या रुग्णालयात जायचं म्हणून मी जरा बिचकतच आले होते. तुम्ही एका छोट्या उशीवर माझं मनगट ठेवलंत, तीन बोटं टेकवलीत आणि मान कलती करून बराच वेळ गप्प राहिलात. मग दुसरं मनगट. मग जीभ. ती फिकी होती आणि कडेला दातांचे ठसे होते, ते तुम्ही मला आरशात दाखवलंत. आणि मग प्रश्न. आधी थंडी वाजते की उष्णता होते, मग घाम, मग डोकेदुखी, शौच, लघवी, भूक, झोप. पुढे कधीतरी तुम्हीच सांगितलंत की हे प्रश्न विद्यार्थ्यांकडून पद्यात पाठ करून घेतात, आणि ते मिंग काळातल्या (सोळाव्या-सतराव्या शतकातल्या) चांग चिंगयुए या वैद्याच्या दहा प्रश्नांवरून आलेत. त्यातच बाईला पाळीबद्दल विचारायचं असतं. तुम्ही ते नुसतं विचारून सोडलं नाहीत. किती दिवस, गाठी पडतात का, रात्री उठावं लागतं का, दिवसाला किती पॅड. मी आकडा सांगितला. तुम्ही पेन खाली ठेवलंत.

तो क्षण माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तुमच्या शास्त्रात माझ्यासारखीचं निदान ठरलेलं असतं. हातपाय गार, थकवा, फिकी जीभ, बारीक नाडी, म्हणजे यांग (शरीरातली ऊब) कमी, रक्त कमी. तुम्ही लगेच काढ्याची चिठ्ठी लिहू शकला असतात आणि मी आनंदाने घेऊन गेले असते. तुम्ही मला त्याच इमारतीत खाली रक्त द्यायला पाठवलंत. हिमोग्लोबिन 81 आलं. तिथे लिटरमागे मोजतात, आपल्या भाषेत 8.1. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, अवघा 5. थायरॉइड ठीक होतं. सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइड, म्हणजे गाठ, दिसली आणि तुम्ही स्वतः चिठ्ठी लिहून मला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे धाडलंत. "आधी रक्ताची गळती थांबवायची, लोहाच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत. माझं औषध त्यांच्या मागून."

आयींनी मला एका जुन्या काढ्याचं नाव पढवून आणलं होतं. गार हातापायांसाठी तो प्रसिद्ध आहे, पूर्व हान काळाच्या शेवटी, म्हणजे सुमारे अठराशे वर्षांपूर्वी, चांग चोंगचिंग या वैद्याने सांगितलेला. मी तोच मागितला. तुम्ही नाही म्हणालात. त्यात शी-शिन नावाची मुळी असते आणि तिच्यात मूत्रपिंडाला घातक द्रव्य असू शकतं, हे तुम्ही मला समजावून सांगितलंत. 'जुनं आहे म्हणजे निर्धोक' असं आमच्याकडेही सर्रास मानतात, म्हणून हे मुद्दाम लिहितेय. दोन महिन्यांनी, गळती आटोक्यात आल्यावर, तुम्ही दोनच वस्तूंचा काढा दिलात: ह्वांग-छी ही शक्तीची मुळी पाच भाग, तांग-ग्वेइ ही रक्ताची एक भाग. रक्तासाठीच्या औषधात शक्तीची मुळी पाचपट कशाला, असं मी विचारलं. रक्त शक्तीतून तयार होतं, असं तुमचं शास्त्र मानतं, म्हणालात. पाळीच्या दिवसांत तो बंद ठेवायचा, हे तीनदा बजावलंत. मी शाकाहारी म्हणून गाढवाच्या कातड्यापासून केलेलं आजियाओ तुम्ही आपणहून वगळलंत, मला सांगावंही लागलं नाही.

जेवणाबरोबरचा चहा तुम्ही सोडायला लावलात, कारण चहाने लोह अंगी लागत नाही. ते मात्र मला खरंच जड गेलं. रात्री घोट्याच्या वरपर्यंत कोमट पाण्यात पाय, पंधरा-वीस मिनिटं. आणि गुडघ्याखाली चार बोटांवर, त्सू-सान-ली या बिंदूजवळ 'आय'च्या पानांची जळती कांडी धरून शेक. ती वनस्पती आपल्या दवण्याच्याच कुळातली. पहिल्यांदा धूर नाकात गेला आणि मला जोतिबाची चैत्र यात्रा आठवून रडू आलं. तुम्ही घाबरून विचारलंत, भाजलं का? तेव्हा मला सांगता आलं नव्हतं, आज सांगतेय.

मला बरं कशाने वाटलं? थकवा गेला तो लोहाने आणि गळती थांबल्याने, असंच मी मानते, आणि तुम्हीही तेच म्हणालात. काढ्याचा वाटा किती ते तुम्ही फुगवून सांगितलं नाहीत. पण गरम पाण्यात पाय बुडवून बसलेली ती वीस मिनिटं दिवसभरात फक्त माझी असायची, आणि दर पंधरा दिवसांनी कुणीतरी मला पुन्हा पहिल्यापासून सगळं विचारायचं. माझं म्हणणं खरं धरून विचारायचं. त्यासाठी मी तुमची ऋणी आहे.

मी सोलापूरची आहे म्हटल्यावर तुम्ही खुर्चीतून उठला होतात. "ख तिहुआंचं गाव!" म्हणजे आमचे डॉक्टर कोटणीस, 1938 साली तुमच्या देशात गेलेले आणि 1942 मध्ये तिथेच वारलेले. काल भय्या चौकातून जाताना त्यांच्या घरापाशी थांबले, तुमच्यासाठी फोटो काढला. आणि तुमच्या तपासणीच्या खोलीतही हीटर नसतो हे माझ्या लक्षात आहे, म्हणून एक सोलापुरी चादर घेतलीय, लाल-निळी, डबल. पुढच्या महिन्यात घेऊन येते.

तुमची,
तीन नंबरच्या खोलीतली भारतीय पेशंट