डॉक्टर, त्या ओल्या कापसाबद्दल

आदरणीय डॉक्टर,

तुमच्याकडे येऊन गेल्याला आज नऊ दिवस झाले. चिऊ घरभर दुडुदुडु फिरते आहे, स्वयंपाकघरातले डबे उपडे करते आहे. तिच्या डाव्या हातावरचा हिरवट डाग आता पुसट होत आलाय. तो पुरता जायच्या आत तुम्हाला हे लिहायचं होतं.

आम्ही आलो तेव्हा तिला दोन दिवस ताप होता, 103 पर्यंत चढणारा. ना सर्दी, ना खोकला, ना जुलाब. आदल्या संध्याकाळी आम्ही दुसऱ्या एका ठिकाणी जाऊन आलो होतो. तिथे पोरीला नीट बघायच्या आधीच रक्ताच्या तपासण्यांचा कागद हातात पडला. लसी झाल्यात का, एवढंही कुणी विचारलं नाही. शीर सापडेना म्हणून तीनदा टोचलं. मी तिचे पाय धरून बसले होते आणि ती माझ्याकडेच बघून रडत होती. तिचे बाबा बाहेर निघून गेले, त्यांना बघवेना. पांढऱ्या पेशी 16,800 आल्या. लगेच फर्मान सुटलं: अ‍ॅडमिट करा, सलाईनमधून अँटिबायोटिक सुरू करू. ‘कशाचं इन्फेक्शन?’ असं मी विचारलं, तर रिपोर्टवरच्या ठळक आकड्यावर पेनाने टकटक केलं, बस. आम्ही सही करून तिला घरी आणलं. रात्रभर मी गुन्हा केल्यासारखी जागी होते.

सकाळी तुमच्या टेबलावर मी आधी तो रिपोर्टच ठेवला. तुम्ही तो बाजूला सरकवलात आणि म्हणालात, ‘हा बघतो नंतर. आधी बाळ बघू, आणि लसीचं कार्ड द्या.’

चिऊला डोक्यापासून पायापर्यंत तपासलंत. कान, घसा, पोट, श्वास मोजलात. मग कार्डावरच्या एकेका ओळीवरून बोट फिरवलंत. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांची पेंटाव्हॅलंट, म्हणजे हिब जंतूसह पाच रोगांवरची लस, झालेली. न्यूमोकोकलचे तिन्ही डोस, नववा महिना धरून, झालेले. आणि मग मला कळेल अशा भाषेत सांगितलंत की पांढऱ्या पेशी 15,000 च्या वर गेल्या की रक्तात जंतू असतील म्हणून धावायचं, हा हिशोब या लसी यायच्या आधीचा. तेव्हा त्याला अर्थ होता, कारण हिब आणि न्यूमोकोकस हे दोन जंतू धडधाकट दिसणाऱ्या बाळाच्याही रक्तात लपलेले सापडायचे. लसी पूर्ण झालेल्या मुलांत ते आता फार क्वचित सापडतं. पेशी व्हायरल तापातही वाढतात, अगदी जोरजोरात रडण्यानेही वाढतात. टायफॉइडची वायडाल ही रक्ततपासणी तापाच्या दुसऱ्या दिवशी करून काही कळत नाही, हेही तेव्हाच समजलं. न्यूमोकोकलची लस 2021 पासून देशभर सरकारी दवाखान्यांत फुकट मिळते. ती चिऊने आमच्या आरोग्य केंद्रातच घेतली होती. तिथल्या सिस्टरताई प्रत्येक तारखेच्या आधी फोन करायच्या. त्यांचेही आभार इथेच मानते.

तुम्ही कोरडा धीर दिला नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. मुलींना या वयात लघवीच्या इन्फेक्शनने असा ताप येतो म्हणून ती तपासणी आवर्जून केलीत, ती स्वच्छ आली. चिऊ तीन महिन्यांच्या आतली असती तर मी स्वतः रक्त काढून अ‍ॅडमिट केलं असतं, असंही म्हणालात. मलूल झाली, पाणी पिईना, लघवी कमी झाली, श्वास जोरात चालायला लागला, तर रात्री दोन वाजतासुद्धा फोन करा, असं सांगून नंबर लिहून दिलात.

पण डॉक्टर, माझ्या मनात जे रुतून बसलंय ते वेगळंच आहे.

चिऊच्या हातावर कापसाचे तीन बोळे चिकटपट्टीने लावलेले तसेच होते. घरी काढायला गेले की ती किंचाळायची, म्हणून मी सोडून दिले होते. तुमचं तपासून झालं होतं. बाहेर बाकावर पंधराएक माणसं ताटकळली होती. तुम्ही वाटीत कोमट पाणी मागवलंत, खुर्ची पुढे ओढलीत, आणि कापूस भिजवून त्या पट्ट्यांच्या कडांना लावत बसलात. ओढलं नाहीत. एक कड सुटली की पुन्हा ओला कापूस. तिचा हात तुमच्या तळव्यावर होता आणि तुम्ही तिलाच सांगत होता, ‘झालं हं बाळा, एवढीशीच राहिली.’ तिसरी पट्टी निघाली तेव्हा ती रडायची थांबून तुमच्या चष्म्याकडे बघत होती. आदल्या संध्याकाळपासून मी धरून ठेवलेलं रडू तेव्हा फुटलं. तुम्ही मान वर न करता पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवलात.

त्या कामाची फी नसते. ते कुठल्या कागदावर लिहिलं जात नाही. चौदा महिन्यांच्या लेकराला दुखतं, आणि त्याच्या आईलाही दुखतं, हे ध्यानात ठेवणारी माणसं अजून आहेत म्हणून आमच्यासारख्यांचं निभावतं.

चौथ्या दिवशी ताप उतरला आणि पोटापाठीवर गुलाबी पुरळ उठलं, अगदी तुम्ही सांगून ठेवलं होतं तसं. या तापाचं रोझिओला हे नाव सासूबाईंना उच्चारता येत नाही, पण शेजारीपाजारी सगळ्यांना त्या सांगून आल्या आहेत.

दीड वर्षाच्या डोसाला येऊ तेव्हा भेटूच. कार्ड आता पिशवीच्या वरच्याच कप्प्यात ठेवते.

तुमची,
चिऊची आई