परत यायचं की नाही

नैरोबी

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेल वाचला. लंडनची फर्म एलएलएमनंतर ठेवून घ्यायला तयार आहे, नैरोबीत वकील पैशाला पासरी झालेत, मग परत येऊन करू काय, असं विचारलं आहेस. बाबा म्हणाले, तिचं तिला ठरवू दे. ठरव तूच. पण वकिलांच्या ऑफिसात खरेदीखतांच्या फायली सांभाळता सांभाळता माझे केस पिकले, तेव्हा चार गोष्टी मी बोलणारच.

तुझं म्हणणं खोटं नाही. केनिया स्कूल ऑफ लॉचे नऊ पेपर पुन्हा पुन्हा देणारी मुलं तू पाहिलीस. पुपिलेजच्या, म्हणजे वकिलाच्या हाताखालच्या उमेदवारीच्या, सहा महिन्यांत काही जणांच्या हातावर मतातूच्या (मिनीबसच्या) भाड्याइतकेच पैसे टेकवले जातात, आणि वर 'शिकायला मिळतंय ना' हे ऐकवलं जातं. जमिनीच्या कामांवर नवे वकील तग धरायचे, तिथे एप्रिल 2021 मध्ये अर्दीसासा ही सरकारची जमीन-नोंदींची ऑनलाइन सिस्टिम आली. आता नैरोबीतल्या जमिनीची मालकी तपासायचा सर्च स्क्रीनवर होतो (सिस्टिम चालू असेल तेव्हा). रजिस्ट्रीत खेटे घालायचे पैसे कोण देणार? त्यातून एआय. दक्षिण आफ्रिकेत पीटरमारित्झबर्गच्या हायकोर्टात जानेवारी 2025 मध्ये काय झालं ते तुला माहीतच असेल. एआयने रचलेले दिसणारे, अस्तित्वातच नसलेले निवाडे अर्जात टाकले होते. शोधाशोध उमेदवार वकिलाने केलेली, वरिष्ठांनी तपासलं नाही, आणि न्यायाधीशांनी प्रकरण वकिलांवर देखरेख करणाऱ्या लीगल प्रॅक्टिस कौन्सिलकडे पाठवलं. म्हणजे ज्युनिअरचं काम यंत्राने खाल्लं तरी चूक ज्युनिअरच्याच नावावर.

पण वकील जास्त झालेत, हे मला पटत नाही. ते एका ठिकाणी जमलेत. अप्पर हिल, वेस्टलँड्स, मिलिमानी कोर्टाच्या आसपास जिन्याजिन्यावर पाट्या, आणि उत्तरेला तुर्काना, मांडेराकडे वकील शोधावा लागतो. मलावीत तर वकील इतके थोडे की 2000 सालापासून पॅरालीगल (वकील नसलेले, पण कायद्याचं प्रशिक्षण घेतलेले मदतनीस) तुरुंगात जाऊन कैद्यांना जामीन कसा मागायचा ते नाटुकली करून शिकवतात. आपल्याकडे 2016 च्या लीगल एड कायद्याने पॅरालीगलना मान्यता दिली. अजूनही कित्येक वकील त्यांना हिशेबात धरत नाहीत. मला तर तीच माणसं आपली वाटतात. गावातलं भांडण कोर्टात न्यायचं की बाहेर मिटवायचं, हे त्यांना आधी कळतं.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं तुझी आजी म्हणायची. 2021 पासून मिलिमानीत स्मॉल क्लेम्स कोर्ट आहे. दहा लाख शिलिंगपर्यंतचा दावा, 60 दिवसांत निकाल, वकील लावलाच पाहिजे असं नाही. आमच्या ओळखीचे वकील कुरकुरतात की पोटावर पाय आला. मी उलटं म्हणते. आयुष्यात पहिल्यांदा कोर्टातून पैसे वसूल झालेला दुकानदार पुढचा करार तोंडी करणार नाही. तो करार लिहून देणारा, त्याला परवडेल असा वकील कुठे आहे? अशी एक साधी ऑफिसखोली काढायचं तू बघ, असं मला फार वाटतं.

आता मोठ्या पैशांचं. तुझ्याच शहरात ऑक्टोबर 2023 मध्ये न्यायमूर्ती रॉबिन नोल्स यांनी नायजेरिया विरुद्ध पी अँड आयडी कंपनी या खटल्याचा निकाल दिला. नसेल वाचला तर पूर्ण वाच, सारांश नको. 2010 चा गॅसचा करार. प्रकल्प उभाच राहिला नाही, तरी 2017 मध्ये लवादाने नायजेरियाकडून कंपनीला 6.6 अब्ज डॉलर देववले. व्याज धरून आकडा 11 अब्जांपर्यंत गेला. नोल्स यांनी तो निवाडा फसवणुकीने मिळवलेला ठरवला. खोटी साक्ष होती. पेट्रोलियम मंत्रालयाच्या कायदा विभागाच्या प्रमुखबाईंना पैसे पोचले होते. लवाद चालू असताना नायजेरियाची गोपनीय कायदेशीर कागदपत्रं कंपनीच्या हातात होती. एवढा मोठा देश, आणि टेबलाच्या आपल्या बाजूला धड माणूस नाही! शेवटी न्याय मिळाला, पण तो लंडनमध्ये, तिथल्या वकिलांची फी मोजून.

हे भांडण पुढच्या वेळी इथेच का चालू नये? किगालीत लवाद केंद्र आहे, नैरोबीत आहे, कैरोत तर 1979 पासून आहे. तुझं फ्रेंच चांगलं. ओहाडा या बहुतेक फ्रेंच बोलणाऱ्या आफ्रिकी देशांच्या संघटनेच्या 17 देशांत व्यापारी कायदा एकसारखा आहे आणि त्यांचं वरचं कोर्ट आयव्हरी कोस्टमध्ये आबिदजानला. इंग्रजी कायदा शिकलेले आणि फ्रेंचमध्ये करार वाचणारे वकील नैरोबीत किती निघतील? आफ्रिकन मुक्त व्यापार करार 2019 मध्ये लागू झाला, पण मोम्बासाचा माल आणि डकारचा व्यापारी यांचं बिनसलं तर सल्ला कुणाचा घ्यायचा, हा प्रश्न त्याने सुटलेला नाही. मला हे काम भारी किफायतीचं दिसतं. (तुझे बाबा म्हणतात, मी फायली सांभाळणारी बाई, मला स्वप्नं फार. असू देत.)

आणि काही खटले इथेच उभे राहतात. 2023 मध्ये केआयसीसी या नैरोबीच्या संमेलन केंद्रापुढे वर्ल्डकॉइन या क्रिप्टो कंपनीकडून डोळे स्कॅन करून घ्यायला लागलेली रांग आठवते ना? साधारण सात हजार शिलिंगच्या टोकनसाठी. मे 2025 मध्ये हायकोर्टाने वर्ल्डकॉइनला तो डेटा पुसायला लावला. फेसबुकची मालक कंपनी मेटा हिच्यावर इथे खटला चालू शकतो, असं अपील कोर्टाने सप्टेंबर 2024 मध्ये सांगितलं.

भीतीचं लपवत नाही. जून 2016 मध्ये मानवी हक्कांचे वकील विली किमानी कोर्टातून निघाले आणि घरी पोचलेच नाहीत. ते, त्यांचा अशील आणि टॅक्सीचालक, तिघांचेही मृतदेह नदीत सापडले. पोलीस दोषी ठरायला 2022 उजाडलं. तू मानवी हक्कांची कामं घेतलीस तर मला रात्री झोप लागणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. पण जून 2024 मध्ये करवाढीच्या फायनान्स बिलाविरुद्धच्या निदर्शनांत पोरं पकडली गेली, तेव्हा लॉ सोसायटी या वकील संघटनेचे वकील पैसे न घेता ठाण्याठाण्यांत जाऊन बसले, हेही मी पाहिलं. 1952 मध्ये कापेनगुरियाच्या खटल्यात, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जोमो केन्याटांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांत गोव्याच्या कुटुंबातले फिट्झ डिसूझा होते, जेमतेम विशीतले. आपली माणसं इथे फक्त दुकानं थाटायला आली नव्हती.

तेव्हा लंडनला दोन वर्षं थांब, माझी ना नाही. पण लवादाच्या कामात खरोखर बसायला मिळणार असेल तर. नुसती कागदपत्रं चाळायला ठेवणार असतील तर इथलं काय वाईट? त्यांना तसं स्पष्ट विचार आणि कळव. आणि इथलं प्रॅक्टिसिंग सर्टिफिकेट चालू ठेव. यंदाची फी मी भरते.

तुझी,
आई