बाबा, थंडीतच या

कॅलगरी, कॅनडा, जानेवारीअखेर

तीर्थरूप बाबा आणि आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

इथले आपले बहुतेक लोक आईवडिलांना जूनमध्ये बोलावतात. ऊन असतं, फिरायला बरं पडतं. तुमचे जावईही तेच म्हणतात. मला मात्र मनापासून वाटतं की तुम्ही थंडीत यावं, ऐन जानेवारीत. संक्रांतीच्या आठवड्यात आम्ही शेजारच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या कूटनीच्या डोंगरांत स्की करायला, म्हणजे पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरायला जाऊन आलो, तेव्हापासून हे डोक्यात पक्कं बसलंय. फोनवर आई "पोरांना सर्दी झाली नाही ना" इथंच अडकते आणि बाबा "रस्ता कसा होता" एवढंच विचारतात. म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

तर आधी रस्ता. कॅलगरीहून दक्षिणेला निघालं की उजव्या हाताला रॉकी पर्वताची रांग दिसत राहते. मग पश्चिमेला वळून क्रोजनेस्ट खिंड लागते, उंची 1,358 मीटर. खिंडीच्या अलीकडे फ्रँक नावाचं गाव आहे. 29 एप्रिल 1903 च्या पहाटे तिथला टर्टल माउंटन कोसळला आणि दोन मिनिटांच्या आत गावाचा एक भाग दगडाखाली गेला, 70 हून जास्त माणसं दगावली. आजही हायवे त्याच दगडांमधून जातो. दोन्ही बाजूंना घराएवढे धोंडे पडलेत. थोरला गप्प होऊन काचेला नाक लावून बघत होता.

बाबा, तुम्ही इतकी वर्षं बेळगाव-गोवा रस्त्यावरच्या चोर्ला घाटातून बस काढलीत. तिथं धास्ती असते ती वळणाची, धुक्याची आणि समोरून येणाऱ्या ट्रकची. इथं दऱ्या रुंद, चढ लांबलचक, वळणं थोडी. धास्ती असते ती रस्त्यावरच्या पातळ बर्फाची, कारण तो दिसतच नाही. खाली काळं डांबर दिसत राहतं आणि चाक मात्र सुटतं. म्हणून थंडीचे टायर वेगळे. पारा 7 अंशांच्या खाली गेला की साध्या टायरचं रबर कडक होतं, यांचं मऊ राहतं. त्यांच्या कडेला तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाची खूण असते. ब्रिटिश कोलंबियाच्या घाटरस्त्यांवर ऑक्टोबरपासून थंडीचे टायर सक्तीचेच आहेत. डिकीत फावडं, ब्लँकेटं, मेणबत्ती, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. आई, चटणी तू पाठवलेलीच.

क्रेस्टनच्या पुढं कूटनी पास म्हणून घाट आहे, 1,775 मीटरवर. तिथं आम्हाला थांबवलं. वरच्या उतारांवर बर्फ साचला की तो आपणहून सुटायची वाट बघत नाहीत. रस्ता बंद करतात, दुरून स्फोट घडवून ठरल्या वेळी खाली पाडतात, मशिनं रस्ता साफ करतात आणि मग गाड्या सोडतात. रांगेत कुणी हॉर्न वाजवला नाही, कुणी पुढं घुसलं नाही. बाबा, हे तुम्ही बघायला हवं होतंत.

आता एवढं लांब कशाला, बॅन्फ तर कॅलगरीहून दीड तासावर आहे. खरंय. पण तिथं सगळं जग लोटतं. लहान पोरं घेऊन लिफ्टच्या, म्हणजे तारेवरून डोंगरावर नेणाऱ्या खुर्च्यांच्या रांगेत उभं राहिलं की त्यांचा उत्साह तिथंच संपतो. आम्ही गेलो ते नेल्सन गाव कॅलगरीहूनही सात-आठ तास, व्हँकुव्हरहूनही तेवढंच. त्यामुळं शनिवार-रविवारचा लोंढा तिथवर पोचत नाही. आम्ही वाटेत फर्नीला मुक्काम केला. हे जुनं कोळसाखाणींचं गाव, 1908 च्या आगीत जळून पुन्हा उभं राहिलेलं. मग नेल्सनजवळच्या व्हाइटवॉटर या स्कीच्या ठिकाणी गेलो. तिथं पायथ्याशी हॉटेल नाही, दुकानांची रांग नाही. गाड्या लावायची जागा, एक लाकडी इमारत, लिफ्ट आणि डोंगर. तो पायथाच सुमारे 1,640 मीटरवर आहे. आपलं कळसूबाई 1,646. म्हणजे कळसूबाईच्या उंचीवर गाडी लावायची आणि तिथून वर जायचं!

बर्फ तिथंच एवढा का पडतो, हे मात्र बाबांना लगेच कळेल, कारण ते मी तुमच्याकडूनच शिकले. लहानपणी पावसाळ्यात तुमच्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसून कणकुंबीला जायचे, तेव्हा जांबोटीच्या पुढं पाऊस कसा वाढत जातो ते तुम्ही दाखवायचात. समुद्रावरचा वारा घाट चढतो, थंड होतो, कणकुंबीला बदाबदा ओततो. बेळगावात येईतो निम्म्याहूनही कमी होतो आणि गोकाककडं नुसते ढग पळतात. इथं तेच आहे, फक्त घाट एक नाही, चार-पाच आहेत. पॅसिफिकचा वारा किनाऱ्यालगतच्या पहिल्या डोंगरांवर ओला, जड बर्फ टाकतो. मधलं पठार ओलांडून मोनाशी आणि सेलकर्क रांगांवर पुन्हा चढतो. तिथवर हवा पुष्कळ थंड झालेली असते, म्हणून बर्फ कोरडा आणि हलका पडतो. आमच्या कॅलगरीला येतो तो कोरडा वारा. आम्ही गोकाकच्या बाजूचे.

व्हाइटवॉटरला एका हंगामात सरासरी 12 मीटरच्या आसपास बर्फ पडतो. साधारण दहा सेंटिमीटर ताज्या बर्फात एक सेंटिमीटर पाणी धरलं, तर सगळं मिळून 1,200 मिलिमीटर होतं. बेळगाव शहराचा वर्षाचा पाऊस त्याच्याच आसपास. इतकं पाणी, पण आवाज न करता पडतं.

आम्ही होतो तेव्हा बर्फ रात्रभर पडत होता. सकाळी गाडीच्या टपावर गुडघाभर थर होता. धाकटीनं गोळा करायला घेतला तर वळेचना, बोटांतून सांडून जाई. हातमोज्यावर घेऊन फुंकर मारली की उडून जातो. इथले लोक याला पावडर म्हणतात आणि याच्यासाठी कामावर रजा टाकतात.

पोरांना आधी शिकवणीच्या वर्गात घातलं. स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब ठेवून वेग कसा आवरायचा, ते पहिल्यांदा शिकवतात. वाटांना खुणा असतात: हिरवा गोल सोपा, निळा चौकोन मधला, काळा हिरा अवघड. आम्ही हिरव्या-निळ्यावरच राहिलो आणि त्यातही पोट भरलं. दाबून सपाट केलेल्या बर्फावर स्कीची कड रुतवून वळायचं असतं, ताज्या बर्फात तसं चालत नाही. दोन्ही पाय जवळजवळ ठेवून भार सारखा वाटायचा, नाहीतर एक स्की खाली जाते. आपले पायही दिसत नाहीत, गुडघ्याच्या पुढं पांढरी लाट तेवढी दिसते. पडलं तर लागत नाही, पण उठणं कठीण, कारण हात टेकला की खांद्यापर्यंत आत जातो. दोन्ही काठ्या फुलीसारख्या आडव्या ठेवून त्यावर जोर द्यायचा, मग उठता येतं. थोरल्यानं ही युक्ती अशी उचलली की पुढं तोच मला उठवायला यायचा.

आई, काळजी करू नकोस, पण एक धोका सांगून ठेवते, कारण तो आम्ही फार सांभाळतो. सूचिपर्णी झाडांच्या खालच्या फांद्या बर्फ अडवतात. त्यामुळं बुंध्याभोवती पोकळ, भुसभुशीत खड्डा राहतो. वरून दिसत नाही. त्यात माणूस उलटा पडला तर स्वतःहून बाहेर येणं जवळजवळ अशक्य. म्हणून झाडीत एकट्यानं जायचं नाही, जोडीदार नजरेआड होऊ द्यायचा नाही, गळ्यात शिटी ठेवायची. पोरांना तर आम्ही झाडीत नेलंच नाही. दोरी बांधून बंद केलेल्या भागात तर कुणीच जायचं नाही.

गर्दी नसली की काय होतं, ते मला पहिल्यांदा तिथं कळलं. धाकटी वाटेत मधेच थांबून बसली, मागून कुणी ओरडलं नाही. लिफ्टवरच्या मुलानं तिच्यासाठी खुर्ची हळू केली, तिचं नाव विचारलं. दुसऱ्या फेरीला तिनं त्याला खिशातला तिळगूळ दिला आणि "गोड बोला" हे मराठीतच सांगितलं. त्यानं तिच्याकडून ते म्हणवून घेतलं आणि पुढच्या प्रत्येक फेरीला तो तिला तेच म्हणायचा. शेजारच्या काकू संक्रांतीला एळ्ळु-बेल्ला, म्हणजे कानडी पद्धतीचं तीळ-गुळाचं मिश्रण घेऊन यायच्या आणि आई त्यांना तिळगूळ द्यायची, ते फार आठवलं.

जेवणाची चिंता तुम्हाला तिथं पडायची नाही. त्या भागात दुखोबोर म्हणून रशियातून आलेले लोक आहेत. 1899 मध्ये ते कॅनडात आले, 1908 पासून या खोऱ्यांत वस्ती करून आहेत. शस्त्र हातात धरत नाहीत आणि त्यांच्यातले बरेच जण शाकाहारी. त्यांचा बोर्श्ट नावाचा कोबी-बटाटा-टोमॅटोचा रस्सा, वर साय आणि शेपू, ब्रेडबरोबर गरम गरम. आजही काही घरांत म्हातारी माणसं रशियन बोलतात, गाणी रशियनमध्ये म्हणतात. चहूकडे दुसरी भाषा असताना घरातली भाषा कशी टिकवायची, हे कर्नाटकातल्या खानापूरच्या मराठी माणसाला कुणी सांगायला नको. मला तिथं बसून घरच्यासारखं वाटलं.

परतताना कूटनी सरोवरावरून फेरीबोटीनं आलो. गाडीसकट पस्तीस मिनिटांचा प्रवास आणि तिकीट शून्य. सरकार चालवतं, रस्त्याचाच भाग मानतात.

आपल्याकडं पाहुणे मे महिन्यात येतात, धूळ आणि आंबे बघून जातात, आणि खानापूर बघितलं म्हणतात. खानापूर बघायचं तर आषाढात यावं लागतं. इथल्या डोंगरांचंही तसंच आहे. जूनमध्ये तुम्हाला सुंदर तळी दिसतील, पण या देशाचं पाणी कुठून येतं, माणसं त्याच्याशी कशी जुळवून घेतात, ते जानेवारीतच दिसेल. बाबांच्या गुडघ्याला स्की नकोच. स्नोशू म्हणून रुंद चौकट बुटाखाली बांधतात, त्यावर सपाटीला सावकाश चालता येतं. आई लाकडी इमारतीत शेकोटीजवळ बसून नातवंडं उतरताना बघू शकेल, तिथून उतार समोरच दिसतो.

तेव्हा बाबा, गुडघ्याचा एक्स-रे काढून डॉक्टरांना प्रवासाचं विचारा. पासपोर्टची मुदत बघा. सुपर व्हिसासाठी, म्हणजे आईवडिलांच्या लांब मुक्कामाच्या व्हिसासाठी, वर्षाचा आरोग्यविमा लागतो, तो आम्ही इकडून काढतो. विमान गोव्यातल्या मोप्याहून बरं पडेल की बेंगळूरहून, ते दादाला बघायला सांगा. स्वेटर, बूट काही विकत घेऊ नका, इथली थंडी वेगळी, कपडे मी इथंच घेऊन ठेवते. आणि आई, चटणी संपली आहे, येताना जास्त आण.

तुमची लेक