दहा कोयते म्हणजे माणसं किती?

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझं पार्सल पोचलं. पाकीट झकास झालंय, आईनं दोन दिवस फ्रिजवर उभं करून आल्यागेल्याला दाखवलं. गुळाची पावडरही छान मोकळी आहे. त्याच पार्सलात शेजारच्या गुऱ्हाळवाल्या काकांसाठी सहा पानं होती, 'पुरवठादार आचारसंहिता'. त्यांनी तुला गूळ द्यायचा तर वाचून, सही-शिक्का करून परत पाठवायची. काका ती घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "तुमची पोरगी आहे म्हणून विचारतो, यात गुळाचा दर कुठं लिहिलाय?"

मी दोनदा वाचलं. दर कुठंच नाही. पैसे किती दिवसांत मिळणार, तेही नाही. लहान मुलं कामाला नाहीत, रसायन नाही, काळा धूर नाही, ही सगळी कबुली त्यांनी द्यायची, आणि तुझ्या बाजूनं एक ओळ नाही. म्हणून हे पत्र. फोनवर तू "हो आप्पा, बघते" म्हणून ठेवून देतेस.

तुला कधी सांगितलं नाही, पण आपल्या गुऱ्हाळात हायड्रॉस, म्हणजे रंग उजळवणारी रासायनिक पूड, पडायचं. भेंडीचं चिकट पाणी घालून मळी नीट काढली, चुना बेतानं टाकला की गूळ खायला उत्तम होतो, पण रंग तांबूस येतो. मार्केट यार्डात रवे मांडले की व्यापारी खडा मोडून तोंडात टाकतो खरा, पण बोली लागते ती रंगावर. गुजरातच्या गिऱ्हाईकाला पिवळाधमक हवा. एका हंगामात मी हट्टानं बिनहायड्रॉसचा गूळ सौद्याला नेला. उसाचे पैसेसुद्धा निघाले नाहीत. दुसऱ्या दिवशी रस उकळायच्या काहिलीपाशी गूळ शिजवणाऱ्या गुळव्यानं विचारलं, "मालक, टाकू का?" मी मान हलवली. पूड उकळत्या पाकात पडली की पेटवलेल्या काडीसारखा वास थेट नाकात घुसतो. गुळव्या तोंड फिरवून खोकायचा आणि परत फावडं हातात घ्यायचा. घरासाठी मात्र पूड न टाकलेलं एक आदण, म्हणजे एका वेळी काहिलीत शिजणारा गूळ, आपण वेगळं काढत होतो. तू लहानपणी भाकरीबरोबर खाल्लास तो काळा गूळ तोच.

तुझ्या तिसऱ्या पानावर 'कोणतेही रसायन नको' आहे. आणि नमुन्यासोबतच्या चिठ्ठीवर तुझ्याच अक्षरात लिहिलंय, 'रंग एकसारखा सोनेरी हवा'. या दोन्हींतलं कुठलं खरं मानायचं काकांनी? उसाची जात बदलली, रान बदललं, डिसेंबरचा मार्च झाला की रंग बदलणारच. ते तुझ्या गिऱ्हाईकाला तू समजावून सांग, पाकिटावर छाप. ते ओझं काहिलीवर टाकू नकोस.

धुराचं तसंच. रस काढून उरलेलं उसाचं चिपाड वाळलेलं असलं तर चुलाण नीट पेटतं. अवकाळी पाऊस पडला, चिपाड भिजलं की जळण कमी पडतं, मग कुणीतरी जुने टायर स्वस्तात आणून टाकतो. टायर जाळू नका हे काकांनाही कळतं. चिपाडावर पत्र्याची शेड हवी. तिचे अर्धे पैसे तू दे आणि हंगामभर गुळातून वळते करून घे, ते नाही म्हणणार नाहीत.

आता खरी अडचण. तुझ्या फॉर्मात 'ऊसतोड कामगारांची संख्या' असा रकाना आहे. काका तिथं 'दहा कोयते' लिहिणार होते, मीच हात धरला. पुण्यात बसून तू दहा माणसं धरली असतीस. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, नवऱ्याच्या नावावर, मजुरांची टोळी आणणाऱ्या मुकादमाच्या वहीत नाव नवऱ्याचं, हिशोब नवऱ्याशी. ती पहाटेपासून मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते आणि कुठल्याच कागदावर नसते. एक दिवस घरी राहिली तर खाडा धरून पैसे कापतात. 2019 साली सरकारनं नेमलेल्या समितीनं बीड जिल्ह्यात 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यांतल्या 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. यामागं डॉक्टरही आहेत आणि पाळीच्या दिवसांत खाडा पडायची भीतीही आहे.

तू चौथीच्या स्कॉलरशिपला बसलीस त्या हंगामात आपल्या रानात एक टोळी उतरली होती. तुझ्याच वयाची एक पोर धाकट्या भावाला कडेवर घेऊन बांधावर दिवसभर उभी असायची. मी तिला रोज गरम गुळाचा खडा द्यायचो आणि स्वतःवर खूष असायचो. तिच्या आईच्या हातात वेगळे पैसे द्यावेत, रानात आडोसा आणि पाण्याची टाकी करावी, पोरीला हंगामापुरतं गावच्या शाळेत बसवावं, हे सुचलं नाही. सुचलं नाही असंही नाही, मुकादमाशी वाकडं नको होतं. तुझ्या फॉर्मात 'येथे बालकामगार नाहीत' यावर टिक करायला मला अजिबात अडचण आली नसती. ती पोर ऊस तोडत नव्हती ना.

म्हणून रकाना बदल. नवऱ्याचं नाव, बायकोचं नाव, दोघांना मिळालेली रक्कम वेगवेगळी, सोबत आलेली मुलं आणि त्यांची शाळा. मुकादम कुरकुरेल. काकांना त्याच्याशी बोलायला बळ हवं असेल तर त्यांच्या खिशात तुझे पैसे वेळेवर पडले पाहिजेत.

साखर कारखान्यानं उसाचे पैसे 14 दिवसांत द्यायचे, असं 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. कारखाने पाळतात का, हा वेगळा विषय, त्यावर आंदोलनं होतात ती तू पाहिलीस. गुऱ्हाळाला ते बंधन नाही, आणि तुझ्या ऑर्डरवर 90 दिवस लिहिलेत. मॉलवाले तुलाही तेवढेच टांगतात हे मला माहीत आहे. लघुउद्योगांच्या 2006 च्या कायद्यात 45 दिवसांची मर्यादा आहे, तुझ्या सीएला विचार आणि त्यांच्याशी भांड. पण तो उशीर खाली ढकलू नकोस. काका शेतकऱ्याला थांबवतील, शेतकरी टोळीला, आणि टोळी पुढच्या वर्षाची उचल आत्ताच घेऊन बसेल.

दहा गुऱ्हाळांचे नमुने मागवून स्वस्त पडेल तो घ्यायचा, हेही सोड. दोनच धर आणि दर हंगामाआधी ठरव. टनभर उसाला शंभर-एकशेदहा किलो गूळ पडतो. त्यावर उसाचा दर, तोडणी, जळण, गुळव्याची मजुरी काकांच्या ओट्यावर बसून मांड. तुला पाकीट पाच-दहा रुपयांनी महाग करावं लागेल असं दिसतं. पाकिटावर 'अस्सल कोल्हापुरी' आहे, तिथं गुऱ्हाळाच्या गावाचं नावही घाल. 2014 ला भौगोलिक मानांकन मिळालं तरी बाहेरचा गूळ इथल्या नावानं खपतो, यावरून यार्डात अजून भांडणं होतात.

कागद काकांनी परत दिलेत, सही केलेली नाही. रागावलेले नाहीत. म्हणाले, एकदा येऊ दे तिला. शनिवारी रात्रीच ये. पहिलं आदण पहाटे चारला उतरतं. आईनं सांगितलंय, चपला नको, बूट घालून ये, चिपाडात पाय सोलतात.

तुझे आप्पा